मेसाच्या मातीतले तेवीस



या खेपेला पाककृती न देता इतिहासावर लिहिते, असे संपादकांना सांगितले तेव्हा त्यांनी "पाने किती?" एवढाच प्रश्न केला. चार म्हणाले. पाच झाली तर सांभाळून घ्या.

आपल्यापैकी निम्मी मंडळी रोज विल्यम्स फील्ड रोडवरून जातात. चँडलर बुलेव्हार्ड पूर्वेला गिल्बर्टमध्ये शिरला की त्याचेच नाव विल्यम्स फील्ड रोड होते. कित्येकांची मुले एएसयूच्या पॉलिटेक्निक कॅम्पसमध्ये शिकली. आई-बाबांना ग्रँड कॅनियनला नेऊन झाल्यावर पुढचे स्वस्त विमान आपण गेटवे विमानतळावरूनच पकडतो. पण हे 'विल्यम्स' कोण, हे मला इथे पंचवीस वर्षे राहूनही ठाऊक नव्हते. चार्ल्स लिंटन विल्यम्स हा ॲरिझोनात जन्मलेला सैन्यातला वैमानिक. १९२७ साली हवाईत विमान कोसळून तो गेला. १९४१ मध्ये चँडलरच्या पूर्वेच्या माळावर सैन्याने विमानतळ बांधायला घेतला आणि १९४२ मध्ये त्याला या विल्यम्सचे नाव दिले. पुढे तो विल्यम्स एअर फोर्स बेस झाला. पन्नास वर्षांत तिथून हजारो वैमानिक तयार झाले, १९७७ मध्ये अमेरिकन हवाईदलाच्या पहिल्या महिला वैमानिकही तिथूनच बाहेर पडल्या, आणि १९९३ मध्ये तो बंद झाला. आम्ही १९९६ मध्ये आलो तेव्हा तिथे कुंपण, रिकाम्या बराकी आणि भरपूर धूळ होती.

असो. मला सांगायचे आहे ते विल्यम्सबद्दल नाही. ते उत्तरेला मेसात आहे, आणि ते मला दाखवले पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने.

गेल्या वर्षी आमच्या मैत्रिणीचे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. काका भारतीय नौदलाच्या विमान विभागात तंत्रज्ञ होते. एकाहत्तरच्या युद्धात ते विक्रांतवर होते. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मुलांना ती दाखवली असेल. २०१४ मध्ये ती भंगारात गेली. हा विषय काकांसमोर न काढलेला बरा. तर या काकांना मॉल नको, कसिनो नको, सेडोना एकदा पाहून झालेले. एका पॉटलकला ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही वाचन करता म्हणून विचारतो. लढाईच्या काळात इंग्लंडची पोरं विमान शिकायला अमेरिकेत येत. नौदलाची फ्लोरिडाला जायची. इकडे ॲरिझोनात कुठं येत होती?"

मला काही सांगता येईना. इंग्रज पोरे आणि ॲरिझोना, यांचा संबंध काय? घरी येऊन शोधत बसले. त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून गेला नाही.

१९४० साली इंग्लंडपुढे अडचण अशी होती की विमाने कारखान्यांतून निघत होती, पण ती चालवणारे तरुण तयार करायला आकाश नव्हते. दिवसा धुके आणि पाऊस, रात्री ब्लॅकआऊट, आणि वर केव्हाही जर्मन विमान येण्याची भीती. शिकाऊ मुलगा आणि शत्रू एकाच ढगात नकोत. म्हणून शिक्षण साम्राज्यभर पसरले. कॅनडात सर्वांत जास्त, शिवाय दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया, ऑस्ट्रेलिया. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेत लेंड-लीजचा कायदा झाला आणि अमेरिकेचे दारही उघडले. अमेरिका अजून युद्धात नव्हती. म्हणून पहिल्या तुकड्यांतली ही मुले गणवेश न घालता करड्या फ्लॅनेलच्या सुटांत आली. जहाजाने अटलांटिक ओलांडायचा, कॅनडात उतरायचे, तिथून कित्येक दिवसांची आगगाडी. कागदोपत्री ते सैनिक नव्हते, तटस्थ देशात आलेले साधे विद्यार्थी होते. (आपणही विद्यार्थी व्हिसावरच आलो की! पण आपल्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या होत्या.)

या शिक्षणाच्या दोन-तीन वाटा होत्या. इंग्रज नौदलाच्या वैमानिकांची वाट होती 'टॉवर्स स्कीम'. अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल जॉन टॉवर्स यांच्या नावाची. आधी मिशिगनमध्ये ग्रोस ईल इथे प्राथमिक धडे, मग फ्लोरिडात पेन्साकोला. तिथून पुढे ईशान्येच्या किनाऱ्यावर, मेन आणि ऱ्होड आयलंडमध्ये, त्यांच्या तुकड्या उभ्या राहत. त्यांना मिळायचे कॉर्सेअर विमान. त्याचे नाक इतके लांब की जहाजावर उतरताना समोरचे जहाजच दिसत नाही. काकांनी ते मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लाटणे आणि पोळपाट घेऊन समजावले. लाटणे तिरके वळवत आणायचे, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत कडेने पोळपाट दिसत राहतो. शेपटीकडच्या आकड्यात डेकवर आडवी ताणलेली तार अडकली तर विमान थांबले. नाही अडकली तर पुढे अडथळा, आणि त्यापुढे समुद्र. हे सगळे वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी.

यांतले कित्येक वैमानिक पुढे हिंदी महासागरात आले. जानेवारी १९४५ मध्ये सुमात्रातल्या पालेंबांगच्या तेल कारखान्यांवर इंग्रजी विमानवाहू जहाजांनी हल्ला केला तो त्रिंकोमालीहून निघूनच. त्यांच्या विमानांची देखभाल आणि दुरुस्ती कोइंबतूरला चाले, आणि त्या तळाचे नाव होते 'एचएमएस गरुड'! इंग्रजांनी आपल्या नौदलाच्या तळाला विष्णूच्या वाहनाचे नाव दिले होते. १९५३ मध्ये भारतीय नौदलाने कोचीला आपला विमानतळ सुरू केला आणि त्यालाही हेच नाव ठेवले. आयएनएस गरुड. काका तिथे शिकले. पेन्साकोलाला शिकलेली पोरे कोण, हे त्यांना का जाणून घ्यायचे होते ते मला त्या दिवशी कळले. ती त्यांच्या घराण्यातली होती. रक्ताची नाहीत, धंद्यातली.

आता ॲरिझोना. रॉयल एअर फोर्ससाठी अमेरिकेत सहा शाळा उघडल्या. टेक्सासात टेरेल, कॅलिफोर्नियात लँकेस्टर, ओक्लाहोमात मायामी आणि पोंका सिटी, फ्लोरिडात क्ल्यूइस्टन, आणि चौथ्या क्रमांकाची आपल्या शेजारी, मेसात. या शाळा खाजगी कंपन्यांनी चालवायच्या. अमेरिकन नागरिक शिक्षक, अमेरिकन मेकॅनिक, वर देखरेखीला मोजके इंग्रज अधिकारी, आणि अभ्यासक्रम इंग्रजांचा. मेसाची शाळा 'साउथवेस्ट एअरवेज' या कंपनीची. कंपनीचे एक मालक लेलँड हेवर्ड हे हॉलिवूडमधले एजंट, त्यामुळे भांडवलात जेम्स स्ट्युअर्टसारख्या नटांचे पैसे होते. जून १९४१ मध्ये पहिली तुकडी ग्लेंडेलच्या थंडरबर्ड फील्डवर शिकू लागली आणि सप्टेंबरमध्ये संत्र्यांच्या बागांच्या पलीकडे, मेसाच्या ईशान्येला, नव्या धावपट्टीवर आली. ते फाल्कन फील्ड. आजही चालू आहे. त्या काळातले दोन हँगर उभे आहेत, आणि शेजारच्या बागेत शिकाऊ मुलांच्या दिवाणखान्यातली दगडी शेकोटी जपून ठेवली आहे. ॲरिझोनात शेकोटी कशाला, असे आमच्या धाकट्याने विचारले. जानेवारीत पहाटे पाचला उघड्या विमानात बसून बघ, म्हणजे कळेल, असे काकांचे उत्तर.

पहिले विमान स्टिअरमन. दोन पंख वर, दोन खाली, पुढेमागे दोन उघड्या जागा. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक रबरी नळी असे, तिच्यातून शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानात पडे. ती एकाच बाजूने चालायची. विद्यार्थ्याला उलट बोलता येत नसे! आमच्या घरातल्या दोघा पोरांना मोटार शिकवताना अशी नळी हवी होती असे यांचे मत पडले. आठ-दहा तास झाले की पहिले एकट्याचे उड्डाण. मग व्हल्टी, मग हार्वर्ड, ज्याला अमेरिकन एटी-६ म्हणत. त्याची चाके पोटात ओढून घेता येत, वेग जास्त, आणि आवाज असा की गावातली कोंबडी उठावीत. रात्रीचे उड्डाण, ढगात काही न दिसता फक्त उपकरणांवर उड्डाण, जोडीने उड्डाण, ताऱ्यांवरून दिशा, मोर्स. सुरुवातीला पाच महिन्यांत हे सारे, नंतर मुदत वाढवली. जो कमी पडे त्याला परत कॅनडाला पाठवत, तिथे तो नॅव्हिगेटर किंवा बाँब टाकणारा होई. घरी मात्र तो 'नापास होऊन' गेलेला असे. तेही दुःख कमी नसावे.

मुलांची चंगळही झाली. घरी साखर, लोणी, अंडी रेशनवर. इथे सकाळी संत्र्याचा रस हवा तेवढा. रात्री गावभर दिवे. दोन वर्षांत रस्त्यावरचा दिवा न पाहिलेल्या पोराला तेवढेच किती वाटले असेल! मेसा तेव्हा मॉर्मन लोकांचे लहान गाव. गावातल्या कुटुंबांनी या मुलांना सणावाराला घरी बोलावले, जेवू घातले. मॉर्मन घरात चहा नसतो, त्यामुळे इंग्रज पाहुण्याची पंचाईत झाली असणार. पण घर मिळाले. युद्ध संपेपर्यंत फाल्कन फील्डवरून हजारावर मुले वैमानिक होऊन गेली. काहींनी पुढे इथल्याच मुलींशी लग्ने केली.

आणि २३ गेलीच नाहीत.

फाल्कन फील्डवर शिकताना २३ इंग्रज मुले, एक अमेरिकन शिकाऊ आणि चार शिक्षक मृत्युमुखी पडले. लढाईत मेले नाहीत. लढाई त्यांनी पाहिलीच नाही. शिकताना माणूस मरतो, हे आपल्याला एरवी सुचत नाही. आकडा ऐकला तर दचकायला होते: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्याच भूमीवर, प्रशिक्षणातल्या अपघातांत, अमेरिकन सैन्याच्या हवाईदलाचे सुमारे पंधरा हजार लोक गेले. उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमान उचलायला जास्त धावपट्टी लागते. रात्री वाळवंटात खाली एक दिवा नसतो आणि क्षितिज हरवते. पूर्वेला सुपरस्टिशनचे डोंगर. आणि वय असे, की मित्राच्या घरावरून खालून विमान नेऊन दाखवायची हौस यावीच.

ती मुले मेसाच्या गावच्या दफनभूमीत आहेत. काकांना घेऊन आम्ही एका शनिवारी गेलो. खरे सांगायचे तर मी कुरकुरत गेले.

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला होते. आमच्या घरात 'गोरा सोल्जर' हा शब्द आदराने उच्चारला गेल्याचे मला आठवत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ही मुले इथे संत्र्याचा रस पीत होती, त्याच सुमारास त्यांच्याच सरकारच्या विमानांतून बिहारात आणि ओरिसात जमावांवर मशीनगन चालल्या. सरकारने ते कायदेमंडळात कबूलही केले. पुढच्या वर्षी बंगालचा दुष्काळ. मग त्यांच्या थडग्यांवर मी फुले का वाहायची? हे मी गाडीत बोलून दाखवले. मैत्रीण गप्प. आमचे हे गाडी चालवण्यात गर्क (हे अशा वेळी नेहमीच गर्क असतात). काका म्हणाले, "वाहू नका. बघा तरी."

मग पाहिले. मोठी, सपाट, हिरवी जागा. भोवती गावातल्याच लोकांची थडगी, आणि एका बाजूला ही मुले ओळीने. काका प्रत्येकापाशी थांबत होते आणि हळू आवाजात वय वाचत होते. एकोणीस. वीस. एकवीस. आमचा थोरला तेव्हा वीस वर्षांचा होता. ते आकडे ऐकताना माझ्या मनातला येरवडा कुठे गेला नाही, तो तिथेच राहिला. पण त्याच्याशेजारी एक नवी बाई येऊन बसली. लँकेशायरच्या किंवा कुठल्या तरी गावात तार हातात घेऊन उभी असलेली. मुलगा बाँबफेकीपासून हजारो मैल लांब, उन्हात, सुरक्षित आहे असे शेजाऱ्यांना सांगत आलेली.

आणि तिला त्याचे शरीर परत मिळाले नाही. इंग्रज सरकारचा हा नियम पहिल्या महायुद्धापासूनचा. जो जिथे पडला तिथेच त्याला पुरायचे. श्रीमंताला घरी आणता येते आणि गरिबाला नाही, असे नको. नियम न्यायाचा आहे, पण आईच्या बाजूने पाहिले तर कठोर. युद्धानंतरच्या इंग्लंडमधून ॲरिझोनाला येणे किती जणींना परवडले असेल? म्हणजे या थडग्यांची काळजी कोणी घ्यायची तर मेसाच्या लोकांनी. त्यांनी ती घेतली आहे. नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या सुमारास तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. फाल्कन फील्डवर शिकलेले आणि पुढे म्हातारपणी वारलेले काही जणही याच जागी, आपल्या जुन्या सोबत्यांशेजारी, येऊन विसावले आहेत. मला ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटली. आयुष्यभर कुठेकुठे राहिल्यावर माणसाला एकोणिसाव्या वर्षीचे मित्र जवळ हवेसे वाटतात.

इतर शाळांच्या गावांतही असेच आहे. टेरेलला २०, फ्लोरिडात आर्केडियाला २३, अलाबामात माँटगोमेरीला ७८. ओक्लाहोमातल्या मायामीला गावातली एक बाई इंग्रज मुलांच्या थडग्यांची निगा ठेवत असे, ती १९८२ मध्ये स्वतः वारेपर्यंत. तिचे त्यांच्याशी नाते काही नव्हते. नौदलाच्या मुलांचे तर कधी कधी थडगेही नाही. मे १९४४ मध्ये मेन राज्यातल्या सिबेगो तलावावर दोन इंग्रजी कॉर्सेअर विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिकांसह पाण्यात गेली. साठ वर्षांनी एका कंपनीला ती विमाने वर काढायची होती. कॉर्सेअरला आज सोन्याची किंमत. इंग्लंडने हरकत घेतली, ही युद्धातल्या मृतांची जागा आहे असे म्हटले, आणि २००३ मध्ये न्यायालयात कंपनीचा दावा टिकला नाही. तलाव तसाच राहिला.

ज्यांना गावाने घरी बोलावले त्यांच्या कथा सांगून थांबले तर मात्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल. चिनी हवाईदलाची मुलेही त्याच वर्षांत इथे शिकली, ग्लेंडेलला थंडरबर्डवर आणि पुढे ल्यूक फील्डवर. अमेरिकेत प्रशिक्षणात गेलेल्या चिनी शिकाऊंपैकी पन्नासहून अधिक जण टेक्सासात एल पासोला, फोर्ट ब्लिसच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहेत. जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांचे काय झाले? १९४२ च्या उन्हाळ्यात चँडलरच्या दक्षिणेला, गिला रिव्हरच्या आदिवासी जमिनीवर, तारेच्या कुंपणामागे त्यांची छावणी वसली. एका वेळी तेरा हजारांवर माणसे होती तिथे. इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. ती मुले डोक्यावरून जाणारी विमाने रोज पाहत असणार. आणि आपण? १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. तो दरवाजा उघडला १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने, पण नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभरच जागा होत्या. १९४२ मध्ये आपल्यापैकी कोणी मेसात असता तर सणाच्या जेवणाचे आमंत्रण त्याला आले असते का, याचे उत्तर मी देत नाही. तुम्हीच ठरवा.

परतताना काकांनी आणखी एक नाव सांगितले, आणि ते मला ठाऊक नव्हते याची लाज वाटली. श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचा मुलगा, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला. पहिल्या महायुद्धात विमानात बसून लढलेल्या चार भारतीयांपैकी एक. इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक आणि सेन हे दुसरे तिघे. वेलिणकर विलायतेतच उडायला शिकला आणि २३ व्या स्क्वाड्रनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेला. जून १९१८ मध्ये त्याचे विमान परत आले नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती सापडला आणि काही दिवसांतच वारला. त्याची कबर फ्रान्समध्ये, सोम नदीच्या मुलखात, हँगार नावाच्या खेड्याच्या दफनभूमीत आहे. शंभर वर्षांवर झाली. तिथले गवत कोण कापते? कोणी फ्रेंच माणूस. त्याला वेलिणकर हे नाव उच्चारता येत असेल असे वाटत नाही. तरी तो कापतो.

उलटही आहे. खडकीला युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे, पुणेकरांनी ती होळकर पुलाच्या बाजूला जाता-येता पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक जणांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी पुढे तिथे आणल्या. त्यांतही विमानवाले आहेत. माळी आपले, मराठी. तो सकाळी येतो, पाणी घालतो, गुलाब छाटतो. मी खडकीजवळ शाळेत शिकले आणि भिंतीच्या आत कधी पाऊल टाकले नाही. गोऱ्यांचे आहे ते, एवढे पुरे होते.

हे सगळे मी का लिहीत बसले, याला एक घरगुती कारणही आहे. काही वर्षांपूर्वी मंडळातल्या एका कुटुंबातली आई, भारतातून भेटीला आलेली, इथेच वारली. मुलगा आणि सून, दोघेच. बाकी नातलग सात समुद्रांपार. त्या दिवशी फोन फिरले. कोणी डबे आणले, कोणी भटजी शोधले, कोणी कागदपत्रांना धावले, आणि आमच्या शेजारची एक अमेरिकन आजी, जिने त्या बाईंना फक्त फिरायला जाताना पाहिले होते, ती हातात फुले घेऊन येऊन मागच्या रांगेत बसली. तिला मंत्र कळले नाहीत. शेवटपर्यंत बसली. मेसाला त्या ओळीपुढे उभी असताना मला ती आजी आठवत होती.

आजोबांशी मी बेइमानी केली का, असे एका मैत्रिणीने विचारले. मला तसे वाटत नाही. बिहारच्या विमानांबद्दल मी आमच्या मुलांना सांगितले आहे आणि सांगत राहणार. पण मेसातली ही मुले त्या विमानांत नव्हती. ती कुठल्याच विमानात तिथवर पोचली नाहीत. काही जण पोचले असते तर काय केले असते, तेही कोणाला सांगता येणार नाही. त्या दिवशी फुले मी वाहिली नाहीत. काकांनी वाहिली. घरच्या अंगणातल्या झेंडूची, वहिनींनी दसऱ्यासाठी लावलेल्या. प्रत्येकापुढे एक. तेवीस पुरली आणि हातात चार-पाच उरली. ती त्यांनी त्या म्हाताऱ्या झालेल्या, नंतर आलेल्या सोबत्यांपुढे ठेवली. दुसऱ्या वेळी, नोव्हेंबरात, मी स्वतः फुले घेऊन गेले.

काका जानेवारीत परत गेले. मार्चमध्ये त्यांचा फोन आला की नातीला घेऊन खडकीला जाऊन आलो, माळ्याशी तासभर गप्पा मारल्या, आणि तो माळी साताऱ्याकडचा निघाला.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. ॲरिझोना ॲव्हेन्यूने सरळ उत्तरेला निघा, मेसात त्याचेच नाव कंट्री क्लब ड्राइव्ह होते. मेन स्ट्रीट ओलांडून पुढे गेले की थोडे पूर्वेला सेंटर स्ट्रीट, त्यावर दफनभूमी. तिथून फाल्कन फील्ड वीस मिनिटांवर, आणि तिथल्या संग्रहालयात जुनी विमाने जवळून पाहता येतात, मुले खूश होतात. नोव्हेंबरच्या कार्यक्रमाला आम्ही दोन गाड्या घेऊन जाणार आहोत, अजून पाच जागा आहेत. फोन करा. सकाळी गार असते, मुलांना स्वेटर घाला. झेंडू आमच्याकडे आहेत.